नगऱ्यातल्या जिन्याला दुसरा कठडा

मित्रांनो, मी झाशीतल्या खंडेराव गेटजवळच्या एका कचेरीतला जुना संगणक आहे. माझे मालक विद्याधरजी घरांचे आराखडे काढत. नगरा वस्तीतल्या एका घराच्या जिन्यातून त्यांना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. मिळणार होतं नाव. गोल वळणाचा जिना, एका बाजूला कोरी, वाकलेली भिंत. तिचा फोटो छापून आला की झाशीभर वाहवा, असं गणित त्यांनी मनात केव्हाच मांडलं होतं.

जिना माझ्याच पडद्यावर उभा राहिला. त्या दिवसांची नवलाई अजून ओसरत नाही. विद्याधरजी एक वाकडी रेघ ओढत, आणि ती रेघ पायऱ्या होऊन वर चढू लागे! मजल्याची उंची बोटभर वाढवली, तर साऱ्या पायऱ्या ती आपसांत गुण्यागोविंदाने वाटून घेत. माणसांत अशी वाटणी मी पाहिली नाही. कठडा मात्र हट्टी. वळणावर चढ बदलला की तो तुटे. विद्याधरजी एकेक गज सरकवून त्याची समजूत काढत. शेवटी तो वेलीसारखा वर गेला.

घर यशवंतरावांचं. बबिन्याच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, हौसाबाईंचे, गुडघे गेले होते. देवघर वरच्या मजल्यावर ठरलेलं. यशवंतरावांना देव खाली हवे होते, आणि बाई ऐकत नव्हत्या.

दोघे बहीणभाऊ कचेरीत जिना पाहायला आले. विद्याधरजींनी पडद्यावर एक छोटी बाहुली चढवून दाखवली. उजव्या हाताला कठडा, डावीकडे भिंत.

"देखिए आक्काजी, किती आरामात जातेय."

"जाईल नाही तर काय! हिचे हात मोकळे आहेत," आक्का म्हणाल्या. "मी काय रिकाम्या हाताने देवाला जाऊ?"

त्यांनी उजव्या हातावर नैवेद्याचं ताट असल्यासारखं धरलं आणि डावा हात पुढे केला. तो हवेत चाचपडत राहिला.

"मग ताट डाव्या हातात धर ना, आक्का," यशवंतराव म्हणाले.

"नैवेद्य? डाव्या हातात? फौजेत हेच शिकवलं का रे तुला?"

यशवंतरावांनी मिशीवर हात फिरवला. "म्हणून म्हणतो, देव खाली आणू."

"देव जागचे हलणार नाहीत. मी एकटी चढेन, नाहीतर पूजा सोडेन."

विद्याधरजी बराच वेळ त्या मोकळ्या हाताकडे पाहत राहिले. मीही पाहिलं. हजार रेघा एका क्षणात वाकवणारा मी. ताट धरणारा हात मला कधी सुचला नव्हता.

मग त्यांनी कोऱ्या भिंतीवरून दुसरा कठडा नेला. माझा पंखा घरघरला, पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड तापलं आणि अखेरचं वळण बसताच जळालं. पण फाईल वाचली, जिना बांधून झाला.

आता मी फडक्याखाली असतो. मित्रांनो, यंत्रांवरची धूळ अधूनमधून झटकत जा; आम्हालाही धाप लागते. आणि घराचा आराखडा काढाल, तेव्हा राहणाऱ्याच्या हातात काय असतं तेही विचारा.

या कठड्याची किंमत कोणी काय मोजली म्हणता? विद्याधरजींनी ती कोरी भिंत दिली. फोटो कुठेच आला नाही. यशवंतरावांची फौजेतली लोखंडी पेटी अरुंद झालेल्या जिन्यातून वर जाईना, ती खालीच राहिली. मी माझी नजर दिली. हौसाबाई रोज एकट्या वर जातात. त्यांच्याकडून कोणी काही घेतलं नाही.