आट्यांवरची खूण

कचरू ओव्हाळांचा उजवा हात आणि वाचा लकव्याने एकाच सकाळी गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. विश्रांतवाडीतला त्यांचा फोटो स्टुडिओ तेव्हाच बंद पडला. त्या गाळ्यात आता मोबाइलची कार्डं मिळत. बाकी सामान गेलं, पण त्यांचा पहिला कॅमेरा, भात्याचा, घडी घातली की कोटाच्या खिशात मावणारा, तेवढा घरात राहिला.

मुलगा चेतन हिंजवडीच्या कंपनीत होता. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला धाडत होती. जायच्या आधी बाबांच्याच कॅमेऱ्यावर आईबाबांचा फोटो काढायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण फोकसची रिंग हलेना. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. चेतन काही गाफील पोरगा नव्हता. ऑफिसात इंटरनेटवर शोधून त्याने चार पानं छापून आणली आणि निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, खाटेशेजारी वर्तमानपत्र पसरून कॅमेरा उघडायला बसला.

कचरू उशाला टेकून बघत होते. पोराने तीन बारीक स्क्रू सोडवले, रिंग काढली, पेट्रोलचा बोळा फिरवला. हात नेटका होता. हे आपल्याला कधी कळलंच नाही, असं त्यांना वाटून गेलं. "स्टुडिओत पाय ठेवायचा नाही, अभ्यास कर," हे त्यांनीच त्याला जन्मभर ऐकवलं होतं.

पुढचं भिंग आट्यांवरून सुटायला लागलं तसे कचरू ताठ झाले. त्या आट्यांना तीन तोंडं होती, म्हणजे भिंग तीन जागांवरून आत शिरू शकत होतं. भिंग ज्या तोंडातून निघेल त्याच तोंडातून परत बसवावं लागतं. नाहीतर रिंगवर आकडा दहा फुटांचा दिसतो आणि भिंग भलत्याच अंतरावर असतं. म्हणून सुटण्याच्या जागी आधी टाचणीने रेघ ओढायची. छापलेल्या पानांत ते नसावं, किंवा असेल तर चेतनच्या नजरेतून निसटलं असावं.

"अं... अं..." कचरूंनी डावा हात खाटेवर आपटला.

"काय बाबा? पाणी हवंय?" चेतनने वर पाहिलं, आणि नेमकं तेवढ्यात भिंग त्याच्या तळहातात सुटून आलं.

त्यांची बायको हिराबाई पाणी घेऊन आल्या. कचरूंनी ते पिऊन टाकलं. दुसरं काय करणार?

दुपारी रिंग लोण्यासारखी फिरू लागली. चेतनचा चेहरा फुलला होता. त्याने टेपने मोजून दहा फूट घेतले आणि बाराच्या बारा फोटो आईबाबांचे काढले. सोमवारी तो गेला.

आठवड्याने हिराबाई प्रिंटा घेऊन आल्या. सगळ्या अस्पष्ट. दोन माणसं बसली आहेत एवढं कळत होतं. कोण ते ज्याचं त्याने ओळखायचं. "काढणाऱ्याचा हात हलला, आजी. अभिनंदन सांगा त्यांना, बाराही वेळा हलला," असं लॅबवाला म्हणाला होता.

संध्याकाळी चेतनचा फोन आला. "फोटो कसे आलेत गं?"

"छान आलेत रे," हिराबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर कचरू एकटक बघताहेत हे त्यांना दिसलं. "मग काय सांगू? पोरगा तिकडे एकटा आहे. ह्या फोटोंचीच वाट बघत दिवस काढतोय."

दोन दिवस कचरूंनी नीट घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं.

तीस वर्षं हिराबाईंनी डार्करूममध्ये प्रिंटा धुतल्या होत्या, पण कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. आता कचरू डाव्या हातात कॅमेरा धरत आणि त्या पेचकस फिरवत. पहिल्या तोंडातून भिंग बसवलं. पाठीमागचं दार उघडून रोलच्या जागी बटर पेपर ताणला, रिंग सगळ्यात लांबच्या खुणेवर आणली, शटर उघडं ठेवलं आणि हिराबाई डोक्यावर चादर घेऊन खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीचं कागदावर पडलेलं चित्र बघू लागल्या.

"उलटी दिसते हो. आणि पुसट."

कचरूंनी मान हलवली. भिंग परत काढलं. दुसरं तोंड. तिसरं. तीन दुपारी गेल्या. कधी त्यांचा हात थकायचा, कधी हिराबाई चिडायच्या. शेवटी चादरीतून आवाज आला, "शिडी दिसली! टाकीवरची शिडी. पायऱ्या मोजता येताहेत." आणि मग त्या चादरीतच बराच वेळ थांबल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

फोटो हिराबाईंनीच काढला. खाटेवर बसलेले एकटे कचरू.

प्रिंट आली. स्वच्छ, केस न् केस दिसणारी. डावीकडे ओढलेलं तोंड. हनुवटीवरची ओल. मांडीवर दुसऱ्या कुणी आणून ठेवल्यासारखा उजवा हात. कचरूंनी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांखालची वर्तुळं निगेटिव्हवर पेन्सिलीने घालवली होती. दोन वर्षं दाढी हिराबाई करत. आरसा त्यांनी हातात घेतलाच नव्हता. ते प्रिंटकडे बघत राहिले.

"दुसरा काढू," हिराबाई हलकेच म्हणाल्या. "चादर जरा वर घेऊ, हात दिसणार नाही."

कचरूंनी मान हलवली. नाही. आणि भिंतीवर चिकटवलेल्या चेतनच्या पत्त्याकडे बोट केलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी फोन वाजला. "आई, बाबांना दे," एवढंच चेतन म्हणाला. हिराबाईंनी रिसीव्हर त्यांच्या डाव्या कानाला लावला.

"बाबा, जयभीम. फोटो मिळाला."

मग पलीकडे कागद सळसळला.

"मी रोज समोर असायचो ना बाबा. सकाळी चहा घ्यायचो, निघायचो. तुमचं असं झालंय हे मला... मी बघितलंच नव्हतं." आणि तो रडायला लागला; मोठा माणूस रडतो तसा, आवाज दाबून.

कचरूंच्या मनात सगळं जुळून आलं होतं. आट्यांना तीन तोंडं असतात, बाळा. खूण करावी लागते. तुला कुणी सांगितलंच नाही, तुझी चूक नाही. जिभेवर आलं ते फक्त "अं".

तिकडे चेतनने रडणं आवरलं. कान देऊन तो पुढच्या शब्दाची वाट बघत होता, आणि कचरू दर वेळी नव्याने सुरुवात करत होते.