धोंड्याच्या ताटातलं ट्रफल तेल

“अगं शालू, गॅसचं बटन बंद कर आधी. वास सुटलाय. मेली टाकी गळून राह्यली वाटतं.”

गोजरबाई माझ्या अगदी शेजारी उभ्या राहून पुटपुटत होत्या. टाकी गळत नव्हती, मित्रांनो. ओट्यावर माझं झाकण उघडं होतं.

मी ट्रफल तेलाची एक बाटली आहे, आता अर्धी रिकामी. माझ्या पोटावर खडबडीत, काळ्या कंदासारखं चित्र आहे आणि खाली सोनेरी अक्षरं. ट्रफल म्हणजे जमिनीखाली झाडांच्या मुळांशी वाढणारी बुरशी. शिकवलेले कुत्रे ती हुंगून शोधतात. माझा जन्म मात्र पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळाखाली सूर्यफुलाचं तेल भरलं, वरून कसलासा थेंब पडला, एक काळा तुकडा आत सोडला आणि झाकण बसलं. तिथं झाड नव्हतं, कुत्रा नव्हता. पण आपल्याच अंगावर छापलेलं खोटं असेल, असं कुणाला वाटतं?

भागवतरावांनी मला पुण्यात घेतलं. ते गोजरबाईंचे जावई, शालूचा नवरा. अधिक महिना होता आणि तीर्थपुरीला सासरी त्यांचं धोंड्याचं जेवण होतं. जावयानं आणलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, ही घरची रीत. म्हणून गोजरबाईंनी मान राखायला पुरणाच्या गरम धोंड्यांवर तुपाऐवजी मलाच ओतलं!

गोड पुरण आणि मी! मला दरदरून घाम फुटला असता, बाटलीला फुटत असता तर.

सासरे रखमाजी पहिला घास घेऊन डोळे मिटून बसले. “लई... भारी हाय,” म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मावशी गिरिजाबाईंचं पोट एका घासात भरलं. भागवतराव स्वतःही पाण्याबरोबर घास ढकलत होते, पण आणलेलं त्यांनीच, बोलणार काय?

उलट ते सासूबाईंना म्हणाले, “मामी, उद्या पापडाच्या पिठात हेच घाला. पाकिटावर ‘अस्सल ट्रफल’ छापू. पुण्यातला माझा दुकानदार बराबर उचलतो.”

गोजरबाईंचे उडदाचे पापड तीर्थपुरीच्या बाजारात कुणी चाखून घेत नाही. “गोजरबाईचे ना?” एवढं विचारतात आणि पिशवीत टाकतात. वीस-पंचवीस वर्षं पीठ कुटून कमावलेलं ते नाव.

सकाळी शालूनं मला हातात घेतलं आणि माझी पाठ स्वतःकडे फिरवली. तिथली बारीक अक्षरं आजवर कुणी वाचलीच नव्हती. मीही नाही.

“आई, ऐक. सूर्यफूल तेल, कृत्रिम सुवास. तुकडा नुसता दाखवायला. खऱ्या ट्रफलचा वास नाजूक, तापवलं की उडून जातो म्हणतात. ह्याचा तर घासलेल्या ताटांना अजून येऊन राह्यला.”

“हळू बोल गं! जावई ऐकतील.”

मी हादरले. म्हणजे मी कोण? ज्या बुरशीचं चित्र पोटावर मिरवलं, तिला मी कधी भेटलेच नव्हते! दुकानातल्या त्या कौतुकाच्या नजरा आठवल्या आणि काचेतल्या काचेत विरघळून जावंसं वाटलं.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. माझ्यासारखी बाटली हातात आली तर पोटावरच्या चित्राला भुलू नका, पाठ वाचा. वास जितका अंगावर येईल, तितकं सावध व्हा. आणि घरातलं मोठं माणूस भिडेपोटी गप्प बसलं असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहा.

बाया पीठ कुटायला आल्या. उडदाचा गोळा पाट्यावर आला. भागवतरावांनी हौसेनं मला उचललं, त्यावर तिरकं केलं. रखमाजी छताकडे बघू लागले. शालू आईकडे बघत होती. माझ्या तोंडाशी थेंब जमला.

गोजरबाईंनी पिठाच्या हातानंच जावयाचं मनगट धरलं.

“जावईबापू, तुमचा मान माह्या डोक्यावर. पण हे तेल खोटं हाय. माह्या पिठात ते पडणार न्हाई.”