उंडीबेटावर बोलावलेली माणसं

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास उंडीबेटावर जनीचं लग्न लागलं. नवरा रोह्याचा, नाव नीलकंठ. दोघांनी एकमेकांना त्याच दिवशी सकाळी होडीतून उतरताना पहिल्यांदा पाहिलं होतं. लग्न खोटं होतं, सहलीला आलेल्यांना दाखवण्यापुरतं; निदान त्या वेळी बेटावरचे सगळे तसंच धरून चालले होते. जनीचं खरं लग्न वैशाखात कासू गावच्या सखाशी ठरलेलं आहे.

उंडीबेट पेण तालुक्यातल्या खारमांडवे गावासमोर खाडीत आहे. भरतीला होडी जाते, ओहोटीला मधे नुसता चिखल. बेटावर उंडीची झाडं, एक विहीर आणि बंद पडलेलं मिठागर. गावच्या हिरामणनं तिथे सहलींचा धंदा सुरू केला त्याला आता काही वर्षं झाली. झोपाळे टांगले. मिठागराचा एक वाफा पुन्हा भरून घेतला आणि शहरातल्या मुलांना त्यात फावडं ओढू दिलं. चिखलातल्या चिंबोऱ्या दाखवायला एक माणूस ठेवला. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, तिचा वास पार धक्क्यावर येतो. गावातल्या आठ-दहा बायकांना भाकऱ्या थापायचं काम मिळालं. जनी आणि तिची आई काशीबाई त्यातल्याच.

लग्नाचा कार्यक्रम गेल्या दिवाळीनंतर सुरू झाला. हळदीपासून वरातीपर्यंत सगळं तासाभरात. सहलीला आलेल्यांपैकीच एखादं जोडपं हौसेनं पाटावर बसायचं, बाकीचे वऱ्हाडी, मुलांच्या मुठीत अक्षता. आणि माइकवर बायजाबाईचे धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी.

बायजाबाई खारमांडव्याची धवलारीण आहे, जनीची चुलत आत्या. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत तिच्याशिवाय लग्न होत नाही. भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, त्याला कोणी नको म्हणत नाही. पण धवलारीण गाण्यातून दोन्ही घरच्या गेलेल्या माणसांची नावं घेते, त्यांना मांडवात बोलावते, आणि ती आली की लग्न लागलं, असं इथली म्हातारी माणसं मानतात. नवरी सासरी पोचल्यावर धवलारीणच त्या सगळ्यांची पाठवणी करते. तोवर ती मांडवात बसलेली असतात.

बेटावर बायजाबाई नावं घेत नसे. हिरामणशी तिचं पहिलं बोलणं झालं ते याच अटीवर, आणि दुसरी अट म्हणजे पाटावर बसणारी दोघं आधीच एकमेकांची नवराबायको हवीत. दोन्ही अटी हिरामणनं मानल्या होत्या.

त्या रविवारी पनवेलचं जे जोडपं बसणार होतं, त्यांचं लेकरू होडीत ओकलं आणि ते परतीच्या फेरीनं निघून गेले. मुलं मांडवात येऊन बसली होती. हिरामणनं इकडेतिकडे पाहिलं. भाकऱ्यांची टोपली घेऊन जनी चालली होती, तिला थांबवलं. रोह्याहून आलेल्या कुटुंबात नीलकंठ होता, सव्वीस-सत्तावीसचा, तिथल्याच एका कंपनीत इंजिनिअर. त्याची बहीण वृंदा त्याला ढकलत पाटापर्यंत घेऊन आली. घरी कितीही स्थळं आणली तरी बसत नाहीस, इथे तरी बस, असं ती म्हणाली आणि सगळे हसले.

बायजाबाईनं हिरामणला बाजूला घेतलं. ही दोघं बिनलग्नाची आहेत, तिनं सांगितलं. हिरामण म्हणाला, थोडक्यात आटप, नावं घेऊ नको, पोरं रडायला लागतील. बायजाबाईनं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, यावर पुढे बराच वाद झाला. पण ती माइकसमोर जाऊन बसली एवढं खरं.

पुढचं बऱ्याच जणांनी पाहिलं आहे आणि वृंदाच्या मोबाइलमध्ये ते होतंही. बायजाबाईनं डोळे मिटले. हळदीचा धवला झाला, मुंडावळ्यांचा झाला. मुलं हलत नव्हती. मग तिनं कुळदेवतांना हाक घातली आणि तिथे न थांबता जनीच्या माहेरची नावं सुरू केली: पणजा, आजा, आजी, पाळण्यातच गेलेला एक चुलता. ही नावं तिला पाठच होती. ती संपल्यावर तिनं डोळे न उघडताच, प्रत्येक लग्नात विचारते तसं, वरमायेच्या बाजूला मान कलती करून विचारलं, "नवऱ्याच्या आज्याचं नाव काय गो बाय?"

नीलकंठची आई आनंदीबाई पहिल्याच रांगेत होती. रोह्यात शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. तिनं हसत हसत सासऱ्यांचं नाव सांगितलं. मग सासूचं. मग बायजाबाईनं विचारलं म्हणून मोठ्या दिरांचंही, जे तरुणपणीच गेले होते. बायजाबाईनं तिघांनाही गाण्यात ओवून मांडवात बोलावलं आणि बसायला पाट दिला.

मांडवामागे चुलीपाशी बसलेल्या काशीबाईला तोवर वाटत होतं की पाटावर कोणी पाहुणे आहेत. आपल्या सासऱ्याचं नाव ऐकून ती उठून आली. तव्यावरची भाकरी करपली. भाकऱ्या थापणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या, पण पाहुण्यांना त्यातलं काही कळलं नाही. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, जेवणाची पंगत बसली. ओहोटी लागण्याआधी लोकांना होड्यांत बसवायचं होतं, म्हणून वरात त्या दिवशी काढलीच नाही.

जनीनं मुंडावळ्या सोडून भाकऱ्यांच्या टोपलीत टाकल्या. ती बायजाबाईपाशी आली आणि एवढंच म्हणाली, "आते, तुला गप बसता आलं नाय?"

वृंदानं 'अखेर दादाचं लग्न लागलं' असं लिहून तो व्हिडिओ नेटवर टाकला. बुधवारपर्यंत तो कासूला पोचला. वृंदाला याचं काही कळायचं कारण नव्हतं. तिला सांगितल्यावर तिनं तो लगेच काढून टाकला, पण तोवर कासूच्या बायकांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला होता.

शुक्रवारी सखाचा चुलता दाजी दोन माणसांना घेऊन जनीच्या घरी आला. जनीचा बाप काळुराम मिठागरावर उभी हयात काढलेला माणूस, बोलायला कमी. हिरामणच जास्त बोलला. हा नुसता खेळ, बाहेरगावचे लोक हौसेनं बघतात, माइक लावून कधी लग्न लागतं का, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. येण्याआधी तो बायजाबाईच्या घरी गेला होता. माइक खरखरत होता, व्हिडिओत धड ऐकू येत नाही, तू नावं अर्धवटच घेतली असं सांग, असं त्यानं तिला बजावलं होतं.

दाजीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग तो बायजाबाईकडे वळला. ती दाराशी, चपला काढतात तिथे बसली होती. त्या घरात तिला आजवर कोणी तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं.

"खेळ तर खेळ," दाजी म्हणाला. "नावं घेतली का, तेवढं सांग."

"घेतली."

"त्यांच्या बाजूचीपण?"

"तिघांची. पाट दिला."

काळुरामनं तोंडावरून हात फिरवला. दाजीला राग आलेला दिसत नव्हता. तो म्हणाला की पोरीत खोट नाही, सखाही तिलाच करीन म्हणतो. पण वैशाखात ज्या मांडवात आम्ही आमची माणसं बोलावणार, तिथे आधीच दुसऱ्या घरचे म्हातारे बसलेले असतील तर आमच्यांनी बसायचं कुठे? "त्यांची माणसं त्यांनी घेऊन जावी. मग आम्ही येऊ," एवढं बोलून तो चहा न घेता उठला. सोयरीक मोडली असं तो म्हणाला नाही. ठेवली असंही म्हणाला नाही.

पाठवणी तूच कर, असं बायजाबाईला गावात पुष्कळांनी सुचवलं. तिनं सांगितलं की पाठवणीला नवरी नवऱ्याच्या घरी पोचावी लागते. ती न पोचता केलेली पाठवणी तिला शिकवलेली नाही. तिच्या सासूलाही कोणी शिकवली नव्हती. तिनं पलीकडच्या गावच्या धवलारणीला निरोप धाडून विचारलं. उत्तर आलं की असं आजवर कोणी केलेलंच नाही, तर सोडवायचं कसं ते कोणाला माहीत असणार. हे उत्तर घेऊन येणाऱ्या माणसानं ते सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर बायजाबाई नळावर दुपारी जायला लागली, तिथे कोणी नसताना.

उरली एक वाट. रोह्याला जायचं आणि आनंदीबाईला हात जोडायचे.

काशीबाई बायजाबाईबरोबर गेली. जनीच्या घरात बायजाबाईशी कोणी नीट बोलत नव्हतं, काशीबाईही नाही, पण एकटीनं जाणं बरं दिसलं नसतं. पेणहून दोघी गाडीत बसल्या. कासूला गाडी थांबली तेव्हा काशीबाईनं पदर पुढे ओढून तोंड खिडकीपासून फिरवलं. लेकीच्या सासरचं गाव. ओळखीचं कोणी डब्यात चढलं तर काय बोलणार. गाडी निघाल्यावरच तिनं इतक्या दिवसांचा प्रश्न विचारला. नावं घ्यायची नाहीत हे तुलाच सगळ्यात आधी माहीत होतं, मग घेतली का?

नागोठणं आल्यावर बायजाबाई म्हणाली, "लग्नात माझं कोण ऐकतं गो? बायका साड्या बघतात, बाप्ये जेवणाकडं. तिथं पोरं बसलेली. टकामका बघत. मला थांबावंसंच वाटलं नाय."

निडी स्टेशन गेल्यावर काशीबाईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली.

आनंदीबाईचं घर रोह्यात बाजारापासून जवळ आहे. तिनं दोघींना ओळखलं, आत बोलावलं, भाकऱ्या किती छान झाल्या होत्या ते सांगितलं. कशासाठी आलो हे काशीबाईनं सांगायला सुरुवात केली तेव्हा नीलकंठही घरी होता. त्याचं म्हणणं साफ होतं: त्या मुलीचं नुकसान व्हावं असं त्याला मुळीच वाटत नाही. तिचं लग्न झालेलं नाही असं तो लिहून देईल, फोनवर सांगेल, हवं तर कासूला जाऊन त्या मुलाला भेटेल. पण मेलेल्या माणसांना न्यायला तो बेटावर येणार नाही. तसा आलो तर हे सगळं मी खरं मानलं असं होईल, आणि उद्या दुसऱ्या कुठल्या मुलीवर हीच पाळी येईल. त्याचे वडील विष्णुपंत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "माझ्या वडिलांचं नाव द्यायला तुला कोणी सांगितलं होतं?" हा प्रश्न आनंदीबाईला होता.

ती चहाच्या निमित्तानं आत गेली आणि थोड्या वेळानं बायजाबाईला हाक मारली. स्वयंपाकघरात तिनं आधण ठेवलेलं नव्हतं.

"मास्तरीण म्हणून विचाराल तर काहीच झालेलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मला एक सांगा. नावं सांगताना मी हसत होते ना?"

"व्हय."

"मोठ्या दिरांचंसुद्धा?"

बायजाबाईनं खाली पाहिलं. ते उत्तर पुरेसं होतं. आनंदीबाईनं ओट्यावरचं भांडं उचललं, पुन्हा तिथेच ठेवलं. ते दीर पोहायला गेले असताना बुडाले होते, एवढंच ती बोलली. या घरात त्यांचं नाव कित्येक वर्षांत कोणी मोठ्यानं घेतलेलं नव्हतं, सासू होती तोवर तर मुळीच नाही. आणि आपण ते खाडीतल्या बेटावर, पोपटीच्या शेंगा सोलता सोलता, हसत देऊन टाकलं. येणार की नाही हे तिनं सांगितलं नाही. न्यायला आल्यावर काय करायचं असतं, ते मात्र विचारून घेतलं. बायजाबाईनं जमेल तसं सांगितलं: नारळ घ्यायचा, नावानं हाक मारायची, घरी चला म्हणायचं. असं कोणी पूर्वी केलेलं नाही, हे आपण मनानंच ठरवलेलं आहे, हेही तिनं लपवलं नाही.

बेट सुरू आहे. झोपाळे, होडी, पोपटी, सगळं पूर्वीसारखं. लग्नाचा कार्यक्रम हिरामणनं फलकावरून रंग फासून पुसला आहे. कोणी विचारलं तर धवलारीण आजारी आहे असं तो सांगतो. बायजाबाई आजारी नाही. माघात तिला दोन लग्नांची बोलावणी होती. दोन्हीकडे तिनं स्वतःच नाही म्हणून कळवलं, आणि कोणी आग्रह केला नाही. जनी बेटावर जात नाही. सखा तिला फोन करतो. दाजीच्या पुढे जाऊन मला काही करता येणार नाही, असंही त्यानं तिला सांगून ठेवलं आहे.

गुरुवारी दुपारी रोह्याहून हिरामणला फोन आला. आनंदीबाई होती. येत्या रविवारी भरती कधी आणि पहिली होडी किती वाजता सुटते, एवढं तिनं विचारलं. त्यानं वेळ सांगितली. किती माणसं येणार आहेत ते ती बोलली नाही, आणि हिरामणलाही विचारायचा धीर झाला नाही. निरोप त्यानं काळुरामच्या घरी आणि बायजाबाईच्या घरी, दोन्हीकडे दिला. कासूला अजून कोणी कळवलेलं नाही.