किल्ल्यातली हळकुंडं

"मंग ह्या गुलामायचं काय करायचं, वहिनी?" स्वप्निलने नकाशावरच्या हळकुंडांकडे बोट दाखवून विचारलं.

ओसरीवर अंथरलेल्या खेळाच्या नकाशात किल्ला नुकताच खेळणाऱ्यांच्या हाती पडला होता. किल्ल्याखालच्या खाणीत गुलाम होते. आधी पुनम अशा गर्दीसाठी सोयाबीनचे दाणे मांडायची. सृष्टी रांगायला लागली तसे दाणे बंद झाले आणि घरची बोटभर लांबीची हळकुंडं आली. लेक आत्ता झोळीत झोपली होती. झोळीची दोरी पुनमच्या पायाच्या अंगठ्यात होती.

हा खेळ ती इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात शिकली होती. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन तिच्यात शिरायचं, अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. लग्न होऊन सिद्धेश्वर धरणाजवळच्या ह्या गावात आल्यावर फासे पेटीच्या तळाशी गेले होते. एकदा धाकटा दीर स्वप्निल म्हणाला, "आमाला शिकवा की." तेव्हापासून रविवारची दुपार ह्या खेळाची झाली. स्वप्निलने मोबाइलच्या दुकानातला सोहेल आणला, आणि हरीश आणला.

हरीश जळबाचा मुलगा. जळबा ह्या घरचा सालगडी. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला पुन्हा ठरायचं, असं करत त्याचं सगळं वय ह्याच गोठ्यात गेलं. हरीश आणि स्वप्निल मात्र शाळेत एका बाकावर बसले. आता हरीश औंढ्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात होता. जळालेली मोटार उघडून जुनी तार उपसायची आणि नवी भरायची, हे काम उस्ताद त्याच्यावर सोडून जेवायला जायचा. ओसरीवर येताना सगळे चपला पायरीवर काढत. हरीश पायरीच्या खाली काढायचा.

पाडवा जवळ आला होता. आजच्या खेळाआधी दुपारी जेवताना पुनमचे सासरे उकंडराव म्हणाले होते, "जळबाचा गुडघा गेला. ह्या साली हरीशला धरू. घरचंच पोरगं हाय. स्वप्निल, तू इचार त्याला, तुझं ऐकते." स्वप्निल "बरं" म्हणाला. पुनम भाकरी वाढत होती. तिने भाकरी वाढली.

बाकीचे यायच्या आधी हरीश पायरीशी आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी आजच्या खेळात गुलामांच्या जागी कैदी करते."

"काहून?"

"असंच."

हरीशने गोठ्याकडे पाहिलं. "मालकानं बाबाला सकाळीच सांगितलं, वहिनी. मला ठाऊक हाय. राहू द्या गुलाम. झाकून काय व्हते?"

म्हणून गुलाम राहिले होते.

"त्यात इचारता काय? सोडून टाका," स्वप्निलच्या प्रश्नावर सोहेल म्हणाला. "खजिना कुठं हाय ते बोला, भाभी. मेरा जादूगर कब से खाली हाथ बैठा है."

"सोडून टाका म्हंतू, जातील कुठं?" स्वप्निल म्हणाला. किल्ला जिंकणारा सरदार त्याचं पात्र होतं. "भाईर जंगल हाय, लांडगे हायेत. आपल्यापाशी राहिले तर दोन टाइम खातील. आपुन काय चाबूक मारून राहिलो का? घरच्यावाणी ठेवू."

"पगार देशील?" सोहेलने विचारलं.

"देऊ की. वर्षाचा एकदाच ठरवू." स्वप्निल बोलून गेला, आणि मग हातातला फासा उगाच घोळवत बसला.

हरीशचं पात्र कुलपं उघडणाऱ्या चोराचं होतं. मोटारीचा एक पितळी नट त्याने त्यासाठी आणला होता. तो नट त्याने खाणीत सरकवला आणि एका वाकड्या, जून हळकुंडाशी थांबवला.

"हा सगळ्यात म्हातारा दिसते. याला इचारतो, तुला काय पाहिजे?"

गोष्टीतल्या परक्या माणसांच्या तोंडचं पुनमने बोलायचं, हा नियम होता. ह्या म्हाताऱ्याचं बोलणं तिने लेकीला पाजताना मनाशी तयार केलं होतं. त्यात मोकळं आभाळ वगैरे होतं. आता ते तोंडातून निघेना.

"म्हातारा गप्प आहे," ती म्हणाली.

"मुका हाय का?" सोहेलने विचारलं. "फासा टाकू? वीस पडले तर बोलंन."

"फाशाने नाही बोलणार." पुनमने दोरी ओढली. झोळी हलली. "हरीशभाऊ, आज ह्या म्हाताऱ्याचं तुम्हीच बोला."

"भाभी, रूल तोडून राहिल्या!"

"तोडते."

हरीशने हळकुंड उचललं. ते उभं राहीना, म्हणून त्याने ते चहाच्या कपाला टेकवून ठेवलं. मग घसा खाकरला. ते खाकरणं ओसरीवरच्या सगळ्यांच्या ओळखीचं होतं. रोज पहाटे गोठ्याकडून ते ऐकू यायचं.

"मालक."

"बोल म्हाताऱ्या," स्वप्निल हसत म्हणाला.

"मालक, तुमी मारलं न्हाई. तुमच्या बाबानं बी न्हाई. खायला कमी पडू देलं न्हाई. तकलीफ सांगायला न्हाई आलो." हरीश पुन्हा खाकरला. "मला सोडू बी नका. मी ह्या वयात कुठं जाऊ? पर एक पोरगं हाय माझं. तेवढं मागू नका."

पुनमचा अंगठा थांबला होता. झोळीत हालचाल झाली, तशी तिने दोरी पुन्हा ओढली.

स्वप्निल नकाशाकडे बघत होता. "त्या पोराला काय करायचं हाय?"

"त्याला एक काम येते."

"चांगलं येते?"

"चांगलं येते, मालक."

"मालक म्हणू नको बे."

"खेळात हाय ना," हरीश आपल्या आवाजात म्हणाला.

"खेळात बी नको." स्वप्निलने फासा खाली ठेवला. कोणी टाक म्हटलं नव्हतं. "न्हाई मागत. जा."

हरीशने खाणीतलं एक लहान हळकुंड उचललं, किल्ल्याच्या दरवाजातून काढलं, जंगल ओलांडलं आणि कागदाच्या कडेपलीकडे फरशीवर ठेवलं.

"नकाशा तिथं संपतो," पुनम म्हणाली.

"संपू द्या."

म्हातारं हळकुंड कपाला टेकूनच राहिलं. त्यानंतर त्यांनी खजिना शोधला. सोहेलच्या जादूगाराला एक अंगठी मिळाली आणि ती खोटी निघाली, त्यावर तो बराच भांडला.

रात्री जेवणं आटोपताना स्वयंपाकघरात पुनमला अंगणातलं बोलणं ऐकू आलं.

"म्या न्हाई इचारलं त्याला," स्वप्निल सांगत होता. "अन इचारणार बी न्हाई."

"मंग ढोरं कोण पाहील? तू?" उकंडरावांचा आवाज.

"पाहतो."

"पाहशील दोन दिस."

बस्स, एवढंच. हरीशला धरलं गेलं नाही. गुडघ्यामुळे जळबाचंही साल धरलं गेलं नाही.

पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली. सृष्टीने गाठीचा एक तुकडा चोखून फ्रॉक चिकट करून घेतला. तिला कडेवर घेऊन पुनम मागच्या अंगणात हात धुवायला गेली. गोठ्यात स्वप्निल शेण काढत होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भरली होती, टोपलं वाकडं धरल्यामुळे अर्धं शेण परत खाली पडत होतं.

फाटकाबाहेर रस्त्यावर जळबा उभा होता. अंगात धुतलेलं पांढरं, डोक्यावर नवी टोपी. हात मागे बांधलेले.

म्हशीने मान वळवली आणि त्याच्याकडे बघून ओरडली.

स्वप्निलने वर पाहिलं. आजवर तो त्याला जळबाच म्हणत आला होता. "या ना काका, आत या."

"न्हाई न्हाई. असाच आलो. पाय वळले इकडं."

"हरीश कुठं हाय?"

"औंढ्याला. एकाची मोटर जळली म्हणे. सणाचं बी काम हाय त्याला." हे सांगताना जळबाचा आवाज थोडा मोठा झाला, रस्त्याने जाणाऱ्याला ऐकू जावा इतका.

स्वप्निल टोपलं उचलून उकिरड्याकडे गेला. सृष्टीने जळबाकडे चिकट हात पुढे केला. तो हसला, पण जागचा हलला नाही.

म्हैस पुन्हा ओरडली. जळबाचा हात फाटकाच्या कडीपर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मग टोपी सारखी करायला वर गेला.