वारा लागलेली बाटली

मी एक जुना, फार जुना कण आहे. पायरोलायसिन माझे नाव. मित्रांनो, नाव ऐकून तोंड वेडेवाकडे करू नका. आमच्या घरी मला कुणी कधी नावाने हाक मारलेली नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या कणांची माळ. बहुतेक जीव वीसच प्रकारचे मणी ओवतात. एकविसावा दुसराच कुणी, मी बाविसावा. मोजक्याच सूक्ष्मजीवांकडे मला जागा आहे. जनुकांतला जो निरोप वाचून इतर जीव माळ संपवतात, तोच वाचून आमचे घरचे मला ओवतात आणि पुढे जातात. याचा मला जरा गर्वच होता.

आमचे घर म्हणजे कोलशेतच्या खाडीचा गाळ. काळा, चिकट, हवेचा शिरकाव नसलेला. काठावर बाया मासळी धूत, जवळा वाळवत. कुजक्या मासळीच्या ज्या वासाने तुम्ही नाक मुरडता, तोच आमच्या घरच्यांचा घास. तो पचवायला मी लागतोच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तुमचा वास गिळला, पण कुणी शाबासकी दिली नाही.

दिली ती फक्त धाकू कोळ्याच्या ऐश्वर्याने. ती त्याच काठावर वाढली आणि पुढे कल्याणच्या कॉलेजात सूक्ष्मजीवांचा अभ्यास करू लागली. ओहोटीला गुडघाभर गाळात उतरून तिने आम्हाला नेले. दीड वर्ष खपून आमच्या घरच्यांना वेगळे काढले आणि हवा काढलेल्या बाटलीत रबरी बूच लावून ठेवले. "आमच्या खाडीचे आहेत हे," असे ती सगळ्यांना अभिमानाने सांगे.

दरम्यान काठावर भराव पडला. आमचा गाळ डबराखाली गेला. आता आमचे सारे गोत त्या एका बाटलीत होते. तिच्यातून दुसरी बाटली भरायचे काम ऐश्वर्याने दिवाळीनंतरवर ढकलले. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून तिने बाटली घरी आणून कपाटावर ठेवली.

भाऊबीजेला मायलेकी डोंबिवलीला मामाकडे गेल्या. घरी धाकू एकटा होता. त्याची नजर बाटलीवर गेली. आमच्या घरच्यांनी सोडलेल्या वायूने बूच वर आले होते. धाकूचा जन्म सुकी मासळी सांभाळण्यात गेलेला. कोंडलेला डबा कुजतो, वारा लागला की माल टिकतो, हे त्याला पक्के ठाऊक. त्याने सुरीच्या टोकाने हलकेच बूच काढले, बाटली खिडकीत ठेवली आणि वरून फडके बांधले. इतक्या मायेने आजवर आम्हाला कुणी हाताळले नव्हते. पण मित्रांनो, आमच्या घरच्यांना हवा म्हणजे विष. दुपारपर्यंत बाटलीतली हालचाल थांबली.

संध्याकाळी खिडकीतली उघडी बाटली पाहून ऐश्वर्या दारातच थबकली.

"बाटली फुगलेली गो," धाकू म्हणाला. "फुटली असती तर तुझी मेहनत वाया गेली असती. म्हणून जरा वारा दिला."

ती ओरडली नाही. खाली बसली. "बाबा, हवा लागली की मरतात ते. मी तुला सांगितलंच नव्हतं."

धाकू म्हणाला, "मंग आपल्या खाडीतून आणू की दुसरा."

"कुठून आणणार? तिथे पार्किंग झालंय."

आज मी त्याच बाटलीत आहे. घरचे गेले, मी मात्र अजून तुटलेलो नाही. मला ओवणारे कुणी उरले नाही, एवढेच. ऐश्वर्याने बाटली फेकली नाही, धुतलीही नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल, तर ती कशाने जगते हे आधी विचारा. आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर घरच्यांना सांगून ठेवा. नुसत्या मायेने भागत नाही, हे मी पाहिले आहे.

धाकू हल्ली प्रत्येक ओहोटीला भरावाच्या कडेने खाली उतरतो. डब्यात काठोकाठ गाळ भरतो, हवेला तसूभरही जागा ठेवत नाही, आणि झाकण घट्ट दाबून डबा लेकीपुढे ठेवतो. "मी उघडला नाय," तो म्हणतो. "बघ, यात हाय का."

आजवर अकरा डबे झाले. ती प्रत्येक डबा तपासते.