तुळईतली खुंटी

बारशाला पाळणा टांगायचा, पण कुठे? जर्मनीत झिंडेलफिंगेनबाहेरचं ते जुनं शेतघर सगळं लाकडी चौकटीचं, फाखवर्क म्हणतात तसलं. चौकटींच्या मधे माती आणि पेंढ्याचा गिलावा. खिळा ठोकला की भिंत भसाभसा गळायची.

सत्यजित पेशानं इंजिनियर. त्यानं माजघरातली तुळई निरखली. खांब तुळईत शिरतो त्या सांध्यात ओकची एक खुंटी बोटभर बाहेर आली होती.

"ही सैलच आहे की गं," म्हणत त्यानं ती उपटली. भोकातून लोखंडी दांडा आरपार घातला, दोर बांधले, पाळणा टांगला. कौमुदीनं हात जोडून पाहिलं. आता रविवारी याच पाळण्यात लेकीच्या कानात नाव सांगायचं. वल्लरी. पोटात होती तेव्हापासून ठरलेलं.

सकाळी ती बाळाला घेऊन खोलीत आली, तर रिकामा पाळणा हलत होता. खिडक्या बंद. संथ, एका लयीत, कुणी पायानं झोका देत बसावं तसा. रिकामा पाळणा हलू नये, हे तिनं जन्मभर ऐकलेलं. तिनं दोर धरला. सोडला. पाळणा पुन्हा निघाला.

"घर जुनं, तुळई वळत असेल," सत्यजित म्हणाला. "लाकूड जिवंत असतं बाई."

"म्हणूनच भीती वाटते."

तिनं बाळाला त्यात ठेवलंच नाही. शनिवारी घरमालकीण फ्राऊ एबर्ले सफरचंदाचा केक घेऊन वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"आल्झो, म्हणजे... खुंटी कुठाय?"

कौमुदीनं ती कपाटावरून काढून दिली. म्हातारीनं ती दोन्ही हातांत घेतली, तान्हं घ्यावं तशी.

"आमच्याकडे मूल झालं की एक जुनी खुंटी काढून त्याच्या नावानं नवी मारायचे. माझी त्या दारावर आहे. ही माझ्या आत्याची. बाप्तिस्म्याआधीच गेली. नाव ठेवायचंच राहिलं."

"मग हिला काय म्हणायचे?"

"काहीच नाही. नाव नव्हतं ना."

रविवारी येनाहून नणंद उल्का आली. बाळाआधी पाळण्यात घालतात तो गोप्या करायला वरवंटा नव्हता. कौमुदीनं ती खुंटी घेतली, तिला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं.

"वहिनी, वरवंट्याला लाकूड? आईला व्हिडिओवर दिसलं तर काशीला जाईल," उल्का हसली आणि कुंकू आणायला आत गेली.

पाळणा झुलत होता. बाळ सत्यजितच्या खांद्यावर होतं. कौमुदीनं आधी खुंटी पाळण्यात ठेवली आणि पाळणा थांबला. हात न लावता थांबला. तिला दूध दाटल्यासारखं झालं. ती वाकली. त्या गुंडाळीपाशी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ओठांवर एकच नाव होतं.

"वल्लरी," ती म्हणाली.

वर सांध्यात कट्ट झालं.

उल्का आली. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. मग बाळ पाळण्यात निजलं, अगदी शांत. उल्का कानाशी वाकली. "वल्लरीच ना?"

"नाही," कौमुदी म्हणाली. "अन्वी."

"अगं, कालपर्यंत..." सत्यजित.

"ते नाव गेलं रे. दुसरं सांगा, उल्काताई."

उल्कानं एकदा दोघांकडे पाहिलं आणि अन्वी सांगितलं. संध्याकाळी पाळणा उतरवला. खुंटी कौमुदीनं स्वतः जागेवर ठोकली, हलक्या हातानं, थांबत थांबत, दुखेल की काय अशी.

सासूबाईंना मात्र नवं नाव जिभेवर येईना. फोन लावला की त्या सवयीनं लाडात हाक मारतात, "वल्लरी, ए वल्लरी!" अन्वी आपली मूठ चोखत राहते, बघतही नाही. कौमुदी पटकन आवाज बारीक करते. पण तोवर वर तुळईतून बारीकशी कुरकुर सुरू झालेली असते, नुकतं झोपेतून उठलेलं मूल करतं तशी.