नुसतीच दिसणारी खूण

"एक ओळ चुकली, की बरोबरच्या ओळीही पुन्हा वाचायला लाव," असं ऑफिसातले आजोबा म्हणाले, तेव्हा मी "हो, हो" करत पर्स उचलली होती. आजोबा म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर. आरपीजी या जुन्या संगणक-भाषेत हयात गेलेली. पण घरी बाळाला शिंका येत होत्या. दोनच, पण येत होत्या.

आमची संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा पोचवते. मी लिहिलेल्या प्रोग्रामच्या पडद्यावर नावांची यादी उघडते. फोन घेणारी ताई, ज्यांना डबा हवा त्यांच्यापुढे १ टाकून एंटर दाबते. यादीत आमच्या शेजारच्या शिंपीणमावशीही आहेत. मधुमेहाचं इंजेक्शन घेऊन डब्याची वाट बघणाऱ्या; वेळेवर जेवण नाही मिळालं, तर साखर एकदम उतरते.

त्या दिवशी ताईने एका नावापुढे चुकून ७ टाकला. प्रोग्रामने सगळंच थांबवून ती ओळ लाल केली. ताईने ती सुधारली, पुन्हा एंटर दाबलं आणि चहाला गेली. मी घरी तिसरा फोन लावला, बाळ नीट श्वास घेतंय ना म्हणून. नवरा म्हणाला, "घेतंय. आता मलाही घेऊ दे."

दुपारी ड्रायव्हर शीळ घालत आला. आज म्हणे एकच डबा, चैन आहे. मी ताईच्या पडद्याकडे धावले. मावशींपुढे १ होता, सगळ्यांपुढेच होता. पण दुसऱ्या एंटरला प्रोग्राम फक्त नव्याने बदललेल्या ओळी वाचतो. त्याने ती सुधारलेली एकटी ओळ वाचली. बाकीचे १ पहिल्या एंटरलाच वाचून झाले होते, पण त्यांची नोंद झालीच नव्हती; ते नुसतेच दिसत होते.

मी लगेच मावशींचा नंबर फिरवला. मावशी फोन उचलेनात. मग चौथा फोन घरी. नवऱ्याने "घेतंय गं" म्हणायच्या आत मी म्हटलं, "बाळाला उचल, साखर घे, मावशींकडे जा."

नवरा पोचला तेव्हा मावशी शिलाई मशीनपाशी घामाघूम बसल्या होत्या. साखरपाणी पोटात गेल्यावर त्यांनी आधी बाळाच्या टोपीची उसवलेली शिवण दाखवली. मग म्हणाल्या, "गाडीला कधीकधी उशीर होतो. म्हटलं, कशाला उगाच त्रास द्या कुणाला."

ड्रायव्हर कुरकुरत सगळे डबे घेऊन पळाला. मी प्रोग्राम सुधारायला बसले. आजोबा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

तुमच्याही मनात कुणाच्या तरी नावापुढे "बरं चाललंय" अशी खूण असेल. हे वाचून झालं, की जरा त्यांचं दार वाजवा. जेवलात का, एवढं विचारून या.